क्रूझचे बिल, कार्डावरची कपात आणि हिशेबाची पट्टी

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : परदेशी क्रूझवरील खर्च भागवताना कार्डावर लागणारे परकीय चलन शुल्क आणि ते टाळण्याचे मार्ग

महोदय,

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका गूळ अडत दुकानाच्या वह्या मी ३१ वर्षे लिहिल्या. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या हिशेबाच्या पट्टीवर गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या, वजन, सौद्यात निघालेला दर, हमाली, तोलाई हे सारे वेगवेगळ्या ओळींत मांडलेले असे, आणि एखादी ओळ उमगली नाही तर शेतकरी नोटा मोजून घेण्याआधी ती समजावून मागत असे. कपात असू नये असा त्याचा आग्रह नव्हता. ती कशाची आणि किती हे आधी कळावे, एवढेच त्याचे म्हणणे असे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर पत्नीसह सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझने चार रात्रींचा प्रवास करून घरी परतलो आणि कार्डाचे स्टेटमेंट उघडून बसलो, तेव्हा मला त्या पट्टीची फार आठवण झाली. त्या अनुभवातून जे शिकलो ते आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हा विषय चार श्रीमंतांपुरता राहिलेला नाही. उसाचे बिल जमा झाले, निवृत्तीची रक्कम हाती आली किंवा नोकरीला लागलेल्या मुलांनी आईवडिलांसाठी पैसे भरले, की कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीतून गटागटाने मंडळी क्रूझला निघतात. निघण्यापूर्वीच्या बैठकीत सहल आयोजक गोळ्या-औषधांपासून पोहण्याच्या कपड्यांपर्यंत सगळे सांगतात. जहाजावर पैसे कोणत्या चलनात आणि कशाने द्यायचे हे मात्र आमच्या बैठकीत दोन वाक्यांत उरकले गेले, आणि त्यातले एक वाक्य चुकीचे होते.

आम्हाला सांगण्यात आले की, सिंगापूरला जात आहात तर फॉरेक्स कार्डात, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डात, सिंगापूर डॉलर भरून घ्या. आम्ही तसेच केले. बंदरावर जहाजात चढण्यापूर्वी कार्ड नोंदवून घेतात आणि केबिनची चावी म्हणून एक प्लॅस्टिकचे कार्ड देतात. त्यानंतर जहाजावर रोख पैसे बहुतेक चालतच नाहीत. कॉफी, फोटो, इंटरनेट, किनाऱ्यावरची सहल, जे घ्याल ते त्या केबिन कार्डावर चढत जाते आणि शेवटच्या रात्री एकत्रित बिल आपण नोंदवलेल्या कार्डावर टाकले जाते. आमच्या जहाजाचे हे खाते अमेरिकन डॉलरमध्ये होते. जहाज सिंगापूरहून सुटणारे, वाटेत पेनांगला रिंगिट आणि फुकेतला बाट. पण खाते अमेरिकन डॉलरचे. जहाज कोणत्या बंदरातून सुटते यावर त्याच्या खात्याचे चलन ठरत नाही, ते क्रूझ कंपनी ठरवते, ही साधी गोष्ट मला ६४व्या वर्षी जहाजावर जाऊन कळली. अमेरिकन कंपन्यांची जहाजे आशियात आली तरी सहसा अमेरिकन डॉलरमध्येच हिशेब ठेवतात, भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या इटालियन कंपन्यांच्या जहाजांवर युरो चालतो, आणि मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजावर आपला रुपया चालतो.

आमचे दोघांचे बिल ४३० डॉलर झाले. त्यात १४४ डॉलर नुसत्या सेवाशुल्काचे होते, म्हणजे माणशी दररोज १८ डॉलर. हे सेवाशुल्क आपण मागितले नाही तरी रोज खात्यावर चढते; अनेक मोठ्या जहाजांवर ते माणशी १६ ते २० डॉलरच्या आसपास असते, आणि पेयांच्या प्रत्येक बिलावर साधारण १८ ते २० टक्के निराळे. कार्डात अमेरिकन डॉलर नसल्यामुळे बँकेने आमचे सिंगापूर डॉलर वळवून बिल भागवले आणि त्यासाठी ३.५ टक्के शुल्क व त्यावर १८ टक्के जीएसटी लावला. याला क्रॉस करन्सी शुल्क म्हणतात. पंधराशे रुपयांच्या वर रक्कम त्यात गेली.

नुकसान एवढ्यावर थांबले नाही. कार्ड नोंदवतानाच जहाजाने त्यावर काही रक्कम अडवून ठेवली होती. असा होल्ड बहुतेक जहाजांवर आणि अनेक हॉटेलांत लावतात, त्यात गैर काही नाही. परंतु बिल चुकते झाल्यावरही ती अडवलेली रक्कम लगेच सुटत नाही, तिला काही दिवस लागतात. क्रेडिट कार्डावर अशी रक्कम अडकली तर फक्त मर्यादा तात्पुरती कमी होते. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्डावर मात्र आपले स्वतःचे पैसे अडकतात. आम्ही जहाजातून उतरून सिंगापुरात आणखी दोन दिवस राहणार होतो. कार्डात सिंगापूर डॉलर असूनही ते वापरता येईनात, म्हणून हॉटेलचे बिल मी साध्या क्रेडिट कार्डाने दिले आणि तिथे पुन्हा ३.५ टक्के आणि जीएसटी मोजला. ज्या शुल्कापासून सुटका व्हावी म्हणून फॉरेक्स कार्ड घेतले, तेच शुल्क मी दोन ठिकाणी भरले.

मेहुणे म्हणाले की, दोन लाखांच्या सहलीत दोन-तीन हजारांचा एवढा विचार कशाला करायचा. मला ते पटत नाही. आमच्या गटात १९ जोडपी होती आणि बैठकीतील ते वाक्य सर्वांनीच ऐकले होते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला दोन हजार रुपये म्हणजे महिन्याची औषधे असतात, आणि एका प्रश्नाने वाचणारी रक्कम देण्याचे काहीच कारण नाही.

शुल्क नेमके कसे लागते ते आकड्यांत मांडतो. हिशेब सोपा जावा म्हणून डॉलर ९० रुपयांचा आणि जहाजाचे बिल ६०० डॉलरचे धरू; म्हणजे मूळ खर्च ५४,००० रुपये. आपल्याकडील बहुतेक क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर परकीय चलनातील व्यवहाराला २ ते ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचे परकीय चलन शुल्क, लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांचे कार्ड असेल तर १,८९० रुपये मार्कअप आणि ३४० रुपये जीएसटी, एकूण २,२३० रुपये; म्हणजे प्रत्यक्षात ४.१३ टक्के. दोन टक्क्यांचे कार्ड असेल तर हीच रक्कम १,२७४ रुपयांवर येते. आणि ज्या कार्डावर मार्कअप शून्य आहे त्यावर जीएसटीही शून्य, कारण तो कर मार्कअपवर असतो, खरेदीच्या रकमेवर नसतो. अशी शून्य मार्कअपची क्रेडिट कार्डे आज आपल्या देशात काही बँका देतात. ज्यांच्याकडे पगाराची पावती नाही अशा शेतकऱ्यांना किंवा निवृत्तांना मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड मिळू शकते, हेही मला सहलीनंतरच समजले. माझ्या मते परदेशी क्रूझला जाणाऱ्यासाठी हाच सर्वांत सरळ मार्ग आहे : वार्षिक शुल्क नसलेले किंवा अगदी कमी असलेले शून्य मार्कअपचे क्रेडिट कार्ड, तेच जहाजावर नोंदवायचे, आणि घरी आल्यावर देय तारखेच्या आत पूर्ण रक्कम भरायची. मुदत चुकली तर त्यावरचे व्याज वाचवलेल्या मार्कअपच्या कितीतरी पुढे जाईल, हे मात्र विसरू नये.

आता एका अशा जागेविषयी लिहितो, जिथे सावध माणूसही फसतो. आमच्या गटातील एका निवृत्त शिक्षक दांपत्याचे अंतिम बिल डॉलरबरोबर रुपयांतही छापून आले होते. आपल्याला आपल्याच चलनात बिल मिळाले, आता बँकेचे शुल्क लागणार नाही, असे वाटून त्यांना समाधान वाटले. वास्तविक ते बिल रुपयांत वळवण्याचे काम जहाजाच्या वतीने, जहाजाने मान्य केलेल्या दराने झाले होते, आणि त्या दरात वरचा नफा आधीच मिसळलेला होता. या पद्धतीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांप्रमाणे यात निवड ग्राहकाची असते. पण काही जहाजांवर कार्ड नोंदवतानाच्या फॉर्ममध्ये ही संमती एका ओळीत दिलेली असते आणि ती नको असल्यास आपल्याला जाऊन तसे सांगावे लागते. बंदरावर मागे रांग उभी असताना, दोन्ही हातांत पासपोर्ट धरून ती ओळ कोण वाचणार? घरी आल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. बिल रुपयांत असले तरी ते घेणारा परदेशात नोंदलेला आहे, म्हणून त्यांच्या बँकेने एक टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी लावला होता. असे शुल्क आता आपल्याकडील काही मोठ्या बँका घेतात. वरच्याच उदाहरणात जहाजाच्या दरातील वाढ ४ टक्के धरली, तर ५४,००० चे ५६,१६० होतात, त्यावर बँकेचे सुमारे ६६३ रुपये, म्हणजे एकूण जादा खर्च २,८०० रुपयांच्या पुढे जातो. साडेतीन टक्क्यांच्या साध्या कार्डाने डॉलरमध्ये दिले असते तरी यापेक्षा कमी पडले असते. आणि ज्याच्याजवळ शून्य मार्कअपचे कार्ड आहे, त्याने चुकून रुपयांत बिल स्वीकारले तर त्या कार्डाचा लाभ तिथेच संपतो. म्हणून परदेशात कोणत्याही मशीनने रुपये की स्थानिक चलन असे विचारले, तर स्थानिक चलन सांगावे, आणि जहाजावर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन, शेवटच्या रात्रीच्या आधीच, माझे बिल जहाजाच्या चलनातच कार्डावर टाका असे स्पष्ट सांगून त्याची नोंद करून घ्यावी.

फॉरेक्स कार्डाला मी सरसकट वाईट म्हणत नाही. योग्य चलन भरले असेल तर त्यात दर आधीच पक्का होतो आणि परत आल्यावर अनपेक्षित आकडा समोर येत नाही. पण ते देताना बँक किंवा मनी चेंजर जो विक्रीचा दर लावतो त्यातच त्याचा नफा असतो, म्हणून शुल्क नाही या बोलण्यावर न जाता दर विचारावा आणि त्या दिवशीच्या व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराशी ताडून पाहावा. या दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ते दर कोणालाही पाहता येतात. किनाऱ्यावरच्या छोट्या खर्चासाठी फॉरेक्स कार्ड ठेवावे आणि होल्ड लागणारी जागा, म्हणजे जहाज आणि हॉटेल, क्रेडिट कार्डाला द्यावी, असे मी आता सर्वांना सांगतो.

रोखीचा मार्गही अनेक जहाजांवर खुला असतो. काउंटरवर डॉलरच्या नोटा जमा करून खाते चालवता येते आणि उरलेले पैसे शेवटी परत मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बहुतेक देशांच्या प्रवासासाठी एका वेळी ३,००० डॉलरपर्यंत नोटा घेता येतात. चलन खरेदीवरचा जीएसटी लहान रकमेला कमीत कमी ४५ रुपये एवढाच पडतो. आणि परतल्यावर २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांच्या आत परत द्यावे लागतात. नोटा अधिकृत मनी चेंजरकडूनच पावतीसह घ्याव्यात. तरीही वयस्कर माणसांनी मोठी रोकड बाळगावी असे मी सुचवणार नाही. जहाजावरच्या एटीएममधून पैसे काढणे मात्र पूर्णपणे टाळावे, कारण तिथे मशीनचे शुल्क, बँकेचे पैसे काढण्याचे शुल्क आणि मार्कअप असे तिन्ही एकावर एक लागतात.

निघण्यापूर्वी खर्च आधीच भरून टाकणे हा आणखी एक उपाय सांगितला जातो, आणि तो अर्धाच बरोबर आहे. सेवाशुल्क, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली हे सारे आपल्या सहल आयोजकामार्फत भारतात रुपयांत भरता आले तर मार्कअपचा प्रश्न येत नाही. मात्र आयोजकाने डॉलरचा कोणता दर धरला ते लेखी घ्यावे. पण राजारामपुरीतल्या आपल्या घरी बसून क्रूझ कंपनीच्या परदेशी संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरले, तर तो परकीय व्यवहारच ठरतो. शुल्क आपण कुठे बसलो आहोत यावर लागत नाही, पैसे घेणारा कुठे नोंदलेला आहे आणि चलन कोणते आहे यावर लागते. पॅकेजवर जो टीसीएस घेतला जातो त्याविषयीही गैरसमज आहेत. तो शुल्क नाही, आगाऊ घेतलेला आयकर आहे; विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. त्याचे दर आणि मर्यादा अर्थसंकल्पागणिक बदलत आल्या आहेत, म्हणून त्या वर्षीचा दर आपल्या कर सल्लागाराला विचारावा. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेल्या खर्चावर टीसीएस लावण्याचा निर्णय केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये पुढे ढकलला, त्यामुळे जहाजावरचे बिल क्रेडिट कार्डाने भरताना त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

आपल्या जिल्ह्यापुरती एक बाब वेगळी आहे. कोल्हापूर हा सहकारी बँकांचा आणि पतसंस्थांचा जिल्हा. आमच्या पिढीतील अनेकांचे एकमेव खाते नागरी सहकारी बँकेत किंवा जिल्हा बँकेत असते, आणि तिथले डेबिट कार्ड बऱ्याचदा देशांतर्गत वापरापुरतेच असते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानंतर नवे कार्ड हाती येते तेव्हा त्याचा परदेशातील वापर बंदच असतो. तो ग्राहकाने स्वतः मागून किंवा मोबाइल अ‍ॅपमधून सुरू करून घ्यावा लागतो. आमच्या गटातील एका गृहस्थांचे कार्ड बंदरावर स्वीकारलेच गेले नाही, आणि ऐन गर्दीत दुसऱ्या एका सहप्रवाशाने स्वतःच्या कार्डावर त्यांचे खाते जोडून दिले म्हणून निभावले. एरवी फोन काढून क्यूआर कोड स्कॅन केला की काम भागते ही आपली सवय जहाजाच्या खात्याला लागू पडत नाही. सहकारी बँकांच्या शाखांनी, परदेशी निघालेल्या ठेवीदाराला आमचे कार्ड तिथे चालेल की नाही एवढे काउंटरवरच सांगितले, तर त्याच्यावर अशी वेळ येणार नाही.

संबंधितांना माझ्या दोन विनंत्या आहेत. सहल आयोजकांनी क्रूझच्या माहितीपत्रकात जहाजाच्या खात्याचे चलन, रोजचे सेवाशुल्क, होल्डची अंदाजे रक्कम आणि बिल रुपयांत वळवले जाते का, या चार गोष्टी छापाव्यात. क्रूझ कंपनीकडून ही माहिती त्यांना सहज मिळते. आणि बँकांनी स्टेटमेंटमध्ये मूळ चलनातील रक्कम, वापरलेला दर, मार्कअप आणि जीएसटी स्वतंत्र ओळींत दाखवावेत. काही बँका हे करतात. माझ्या बँकेने मात्र रुपयांतला एकच आकडा छापला होता आणि शुल्क त्यातच मिसळले होते. ते किती होते हे समजण्यासाठी मला दोनदा लेखी विचारावे लागले. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार क्रेडिट कार्डाच्या अर्जासोबतच शुल्कांची माहिती देणारे एका पानाचे पत्रक ग्राहकाला द्यावे लागते. ते मागून घ्यावे, आणि त्यात परकीय चलन व्यवहाराची ओळ कुठे आहे ते सहीपूर्वी पाहावे. चुकीची आकारणी झाल्याचे दिसले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक वाटले नाही, तर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनामूल्य तक्रार करता येते.

जहाजावर असताना एक गोष्ट आम्ही योग्य केली, तीही नमूद करतो. खात्यावर काय चढले आहे ते केबिनमधल्या टीव्हीवर किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर रोज पाहता येते. माझ्या पत्नीने रोज रात्री ते वाचून छोट्या वहीत उतरवून घेतले, आणि तिसऱ्या दिवशी न घेतलेल्या दोन फोटोंचे पैसे लागल्याचे तिच्याच लक्षात आले. काउंटरवर दाखवताच ती रक्कम त्याच क्षणी वजा झाली. हेच उतरून घरी आल्यावर कळले असते, तर परताव्याला आठवडे लागले असते आणि परतावा त्या दिवशीच्या दराने आला असता.

मे महिन्याच्या सुट्टीतील सहलींची नोंदणी आता सुरू होईल. त्याआधी आपल्या पर्यटन पुरवणीत ही माहिती प्रसिद्ध झाल्यास अनेकांना वेळीच योग्य कार्ड मागवता येईल, कारण नवे कार्ड हाती येऊन सुरू व्हायला दोन-तीन आठवडे सहज जातात. माझे स्टेटमेंट, जहाजाचे बिल आणि पत्नीची वही यांच्या प्रती पडताळणीसाठी हव्या असल्यास मी आपल्या कार्यालयात आणून देईन.

कळावे,
आपला,
एक निवृत्त हिशेबनीस,
राजारामपुरी, कोल्हापूर